लाटसाहेबाचा काटा

२ जानेवारी, गुरुवार

नूतन म्हणते, आई, लाटसाहेबाबद्दल तुला जे जे ठाऊक आहे ते लिहून ठेव, रोज थोडं थोडं. ती धुळ्याच्या कॉलेजात इतिहास शिकवते आणि त्याच्यावर काही मोठं लिहिते आहे. त्यासाठी तिने मला जाड पुठ्ठ्याची डायरी आणून दिली. इतका चांगला कागद असल्या कामाला कशाला, म्हणून ती कपाटात ठेवली. गेल्या सालच्या हिशोबाच्या वहीत मागची पानं कोरी आहेत, त्यातच लिहिते.

तर लाटसाहेब. खरं नाव विटकम. इंग्रजांचा मुंबईचा गव्हर्नर. पेशवाई बुडाल्यावर काही वर्षांनी तो खानदेशात फिरत आला आणि आमच्या गावाबाहेर निंबाखाली तंबू ठोकून नऊ दिवस राहिला. तेव्हा देवीची साथ होती. घरटी एक पोर जात होतं. साहेबाने स्वतःच्या मुलीला मांडीवर घेऊन गावासमोर तिच्या दंडावर टोचून घेतलं, आणि लगेच आमच्या घरच्या पोरीला टोचलं. ती जगली. मग बाकीच्यांनी आपली पोरं पुढे केली. त्या निंबाखाली आता ओटा आहे, ओट्यावर दगड, दगडाला शेंदूर. बाळ सव्वा महिन्याचं झालं की गुरुवारी त्याला ओट्यावर आणतात. आमच्या घरची बाई बाभळीचा काटा काळ्या गाईच्या कच्च्या दुधात बुडवून त्याच्या डाव्या दंडाला टोचते. बाळ रडलं पाहिजे. रडलं म्हणजे साहेबाने त्याला पदरात घेतलं.

सासूबाई गेल्यापासून, एकतीस वर्षं, काटा माझ्या हातात आहे. दर बाळाला नवा काटा, उकळून घेतलेला. मग काट्याच्या वहीत नाव: बाळाचं, आईचं, तिथी, वार. मी कुणाकडून नारळसुद्धा घरी आणत नाही.

आज दोन बाळं आली. दोन्ही रडली.

९ जानेवारी, गुरुवार

ओट्याचा जीर्णोद्धार चालू झाला. हे समितीचे अध्यक्ष आहेत. संगमरवरी फरशी, वर पत्र्याची शेड, चैत्रात पूजा. गावातले सगळे ह्यांना नाना म्हणतात आणि नानांनी मनावर घेतलं की काम होतं.

भटू आबांना नूतनसाठी विचारलं. नव्वदीचे आहेत, पण आवाज खणखणीत. म्हणाले, "साहेबानं वेठ बंद केली. माह्या खापरपणज्याचा बैल सरकारी गाडीले धरला व्हता, तो सोडवला. शाळा काढली, इहीर खांदली. येवढं करून घरी निंघाला अन् जहाजातच मेला."

"मग त्याला निवद कशाचा दाखवायचा, आबा?"

"आपन वरण-बट्टीच दाखवतो. पन त्या इंग्रजाले दोनशे वर्षं बट्टी पचत असंन का, हे काही कोनी विचारलं नही."

ओट्यावरच्या बाया हसल्या. मलाही हसू आलं, मग मनात साहेबाची क्षमा मागितली.

येताना ज्योती भेटली. आमच्या मागच्या घरची, वनाची बायको. लग्नानंतर अकरा वर्षांनी तिला मुलगी झाली, भूमिका, आता दहाव्या महिन्यात आहे. घंटा वाजली की कडेवर नाचते. ज्योती म्हणाली, "अक्का, नर्सबाई दोनदा येऊन गेली. गोवराची सुई द्या म्हनते. मांगच्या सुईनं हिले दोन दिवस ताप व्हता. देऊ का नको?"

मी म्हटलं, "हिचा काटा झालाय ना?"

"तुम्हीच तर केला."

"रडली होती?"

"गाव गोळा केलं व्हतं तिनं!"

"मग झालं तर. परत अंगात ताप कशाला घालायचा?"

तिचा चेहरा मोकळा झाला. भूमिकाने माझी तुळशीची माळ ओढली, ती सोडवताना चार मणी गेले.

१४ जानेवारी, संक्रांत

उपकेंद्रातली नर्स मृणाली आली होती. मूळची भुसावळची, वडील रेल्वेत होते. बोलणं स्वच्छ. बाहेरून कामाला येणाऱ्यांसाठी मी दोन चिनी मातीचे कप वेगळे ठेवले आहेत, फुलाफुलांचे, कोरे करकरीत, त्यातल्या एकात तिला चहा दिला. तिने कपाकडे बघितलं, चहा घेतला, कप स्वतः विसळून पालथा ठेवला. शिस्तीची मुलगी आहे.

म्हणाली, "काकू, गाव तुमचं ऐकतं. लसीसाठी एक शब्द सांगा. यंदा गोवर वाईट आहे म्हणतात."

मी म्हटलं, "मी कुणाला नको म्हणत नाही."

तिळगूळ दिला. कागदात बांधून घेऊन गेली.

२५ जानेवारी, शनिवार, एकादशी

वरच्या गल्लीत दोन पोरांना गोवर निघाला. गोवर काय, दरसाल कुणाला तरी निघतोच. निंबाचे डहाळे दारांना लावले. बायांना सांगितलं, घरात फोडणी द्यायची नाही, पोर अंधारात ठेवायचं, आणि गोवर पुरता बाहेर पडेपर्यंत दवाखान्यात न्यायचं नाही, सुईने तो आत दबतो. सासूबाईंनी सांगितलेलं सगळं सांगितलं.

भगर केली होती. 

१ फेब्रुवारी, शनिवार

भूमिकाला ताप. डोळे लाल, नाक वाहतंय. ज्योती धावत आली. मी जाऊन बघितलं, कानामागे बारीक पुरळ दिसायला लागलंय. म्हटलं, घाबरू नकोस, साहेबाचं बाळ आहे, हलकाच निघेल. तीन दिवस थांबायचं.

वना म्हणत होता, "अक्का, जळगावले घेऊन जाऊ का? मोटरसायकल काढतो."

मी म्हटलं, "वाऱ्यात नेऊ नको रे."

४ फेब्रुवारी, रथसप्तमी

सूर्याची पूजा केली. मन पूजेत नव्हतं. मागच्या घरातून भूमिकाचं रडणं येत होतं, मग ते कण्हणं झालं. ओट्यावर जाऊन अकरा प्रदक्षिणा घातल्या.

५ फेब्रुवारी, बुधवार

पहाटे वनाने मला विचारलं नाही. पोरीला गोधडीत गुंडाळून दोघं जळगावला गेले. नंतर फोन आला, छातीत कफ झालाय, ऑक्सिजन लावलाय. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, लस दिली होती का. ज्योती म्हणाली, मी काही बोललेच नाही अक्का.

तिने काही बोलायला पाहिजे होतं, असं मला वाटत राहिलं. काय, ते कळलं नाही.

साहेबाला बोलले आहे, पोर सुखरूप घरी आली तर तुझ्या नव्या फरशीवर पहिला दिवा मी लावीन.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

भूमिका घरी आली! गालफडं बसलीत, पण जिवंत आहे. ज्योतीने आल्या आल्या ओट्यावर नारळ फोडला. सगळ्या बायका म्हणाल्या, साहेबाने राखलं. भटू आबा म्हणाले, "साहेबानं राखलं अन् डाक्टरानंबी राखलं, अर्धा नारळ त्याले धाडा."

आज काट्याला चार बाळं होती. गेल्या सहा महिन्यांत एका दिवशी इतकी कधी आली नव्हती. भूमिका वाचली हे ऐकून लांबून आणली होती, एक असोद्याहून.

२३ फेब्रुवारी, रविवार

भूमिकाचे दोन्ही कान वाहताहेत. गोवरानंतर होतंच तसं. लसणीचं कोमट तेल रोज दोन थेंब घालून येते.

पोर मोठी शांत झाली आहे. आधी जराशा आवाजाने उठायची, आता काल तिच्या उशाशी माझ्या हातून पितळी पातेलं पडलं तरी डोळा उघडला नाही. ज्योतीलाही आराम झाला. दुखण्यातून उठलेलं बाळ असं समजूतदार होतं खरं.

३ मार्च, सोमवार, धुळे

नूतनकडे आले आहे. तिला साहेबाची पत्रं सापडली, जुन्या छापील अहवालात. इंग्रजी वाचून ती मराठीत सांगत होती, मी भाजी निवडत ऐकत होते. जसं समजलं तसं लिहिते.

एक. साहेबाला मूलबाळ नव्हतं. लग्नच झालं नव्हतं त्याचं. मांडीवरची मुलगी कुठून आली, नूतनला माहीत नाही.

दोन. आमच्या घरची पोर पहिली नव्हती. त्या काळी लस बाटलीत येत नसे. टोचलेल्या पोराच्या दंडावर फोड आला की त्यातलं पाणी काढून दुसऱ्याला टोचायचं. म्हणून एक पोर दंडावर फोड घेऊन गावोगाव न्यावं लागे. आमच्या गावात आलं ते सात वर्षांचं, लांबच्या एका गावच्या महारवाड्यातलं, दोन दिवस चालवत आणलेलं. त्याच्या एका दंडातून आमच्या घरची पोर आणि पाठोपाठ गावातली एकशे बारा पोरं टोचली. त्याचं पुढे काय झालं, पत्रात नाही. त्याच्या बापाला विचारलं होतं का, तेही नाही. ज्या साहेबाने बैलाची वेठ बंद केली, त्यानेच हे केलं.

मी म्हटलं, "म्हणजे सासूबाई खोटं बोलल्या?"

नूतन म्हणाली, "नाही गं आई. त्यांना जेवढं सांगितलं होतं, तेवढं त्यांनी सांगितलं. त्या पोराचं कुणी सांगितलंच नसेल."

तीन. हे तिने दोनदा वाचून दाखवलं, मी उतरवून घेतलं. साहेब वरच्यांना लिहितो: "टोचणारा माणूस दरवर्षी आला पाहिजे. तो एक वर्ष चुकला तर त्या वर्षी जन्मलेली मुलं उघडी पडतात. लोक माझे आभार मानू लागले आहेत, तंबूसमोर फुलं ठेवतात. मला फुलं नकोत. मला टोचणाऱ्याचा पगार मंजूर करून हवा आहे."

तो गेला. पुढच्या गव्हर्नराने खर्च कमी करायला खानदेशातले टोचणारे काढून टाकले.

मी विचारलं, "मग आपला काटा?"

नूतनने अहवाल मिटला. मग म्हणाली, "आई, मला वाटतं बायकांनी एक वर्ष वाट बघितली असेल, दोन वर्षं बघितली असेल. टोचणारा आला नाही. तेव्हा कुणीतरी काटा घेतला."

त्या बायकांचं काय चुकलं? त्यांच्या हातात काटाच होता.

पण देव कधी वरच्यांना पगारासाठी अर्ज करतो का? दिवसभर हाच विचार. त्याचं पत्र एखाद्या मास्तराच्या पत्रासारखं आहे, कंटाळलेलं, चिडलेलं. देवाचं असतं तर मला इतकं वाईट वाटलं नसतं.

६ मार्च, गुरुवार

घरी. एक बाळ आलं होतं. काटा टोचला. जरा जास्तच लागलं, टिपूसभर रक्त आलं. आई म्हणाली, चांगलंच झालं.

८ मार्च, शनिवार

मृणाली आली. तिला काट्याची वही हवी होती. गावातलं प्रत्येक बाळ तिच्या रजिस्टरात नसतं, माझ्या वहीत असतं, माहेरी बाळंत झालेल्यांचीसुद्धा. मी वही कधी कुणाला दिली नव्हती. दिली.

दोघी ओटीवर बसलो. ती एक नाव वाचायची, मी माझ्यात शोधायचे. दोन वर्षांची एकसष्ट नावं. एकसष्टांत गोवराची लस न घेतलेली तेवीस. तिच्या रजिस्टरात शेवटी एक रकाना आहे, लस का नाकारली त्याचा. आई जे बोलेल ते ती तिथं लिहून घेते. गावाला गेले, ताप येतो, सासू नको म्हणते. आणि मग एकाखाली एक, मी बोट ठेवून मोजले, चौदा ठिकाणी एकच शब्द: लाटसाहेब. लाटसाहेब. लाटसाहेब.

भूमिकाच्या नावापुढेही तोच.

मी तिला पत्रातलं सांगितलं. पगाराचं सांगितलं तेव्हा ती हसली. "दोनशे वर्षांपूर्वीसुद्धा? आमचाही दोन महिने झाला नाही." मग त्या पोराचं सांगितलं. सांगताना मला उगाच चोरट्यासारखं झालं.

ती म्हणाली, "नाव आहे त्याचं?"

"नाही."

"नसणारच." आणि तिने पुढचं पान उलटलं.

चहा केला. फुलांचे कप फळीवर होते. ते काढायला हात वर नेला आणि खाली घेतला. घरातल्या पेल्यात दिला.  पेला विसळायला उठली तेव्हा मी म्हटलं, राहू दे गं.

१४ मार्च, शुक्रवार, धुळवड

गल्लीतून डफ वाजत गेले. आमच्या दारात थांबून पोरांनी इतका गोंगाट केला की ह्यांनी कानांवर हात ठेवले. आमच्याच ओसरीवर भूमिका जागी होती, माझ्याकडे पाठ करून वाटी-चमच्याशी खेळत होती. डफ तिच्यापासून चार हातांवर. तिने मान वळवली नाही.

मी तिच्या मागे जाऊन टाळी वाजवली. पुन्हा वाजवली. पितळी घंटा आणली देवघरातली, तिच्या कानाशी हलवली. ती चमचा वाटीत घालत होती, काढत होती.

मग तिला माझी सावली दिसली. वळून हसली आणि हात पसरले.

पातेलं पडलं तेव्हा मी काय लिहिलं होतं, ते मागची पानं काढून वाचलं. समजूतदार म्हणे.

मृणालीला फोन केला. तिने एकच विचारलं, "ज्योतीला सांगितलं?" नाही सांगितलं.

१८ मार्च, मंगळवार

जळगावला कानाची तपासणी झाली. मृणाली सोबत गेली होती. एका कानाने काहीच नाही, दुसऱ्याने अगदी थोडं. मशीन लावता येईल, शिकवावं लागेल, पण आपल्यासारखं ऐकू येणार नाही. तेलाने आणखी बिघडलं का, असं मी मृणालीला विचारलं. ती म्हणाली, कानातून पू येत असताना तेल घालू नये, काकू. हो की नाही ते सांगितलं नाही.

वना अंगणात खाटेवर बसून आहे. केळीला पाणी द्यायला आज गेला नाही.

२२ मार्च, शनिवार

ह्यांना सांगितलं, मी काटा सोडते.

जेवत होते. घास हातात तसाच. म्हणाले, "तीन तारखेला पूजा आहे. आमदारांना बोलावलंय. आणि आता तू म्हणतेस काटा सोडते?"

"काट्यात काही नाही. पत्रात लिहिलंय."

"पत्र इंग्रजाचं, ओटा गावाचा. माझी आई करत होती, तिची सासू करत होती. त्या सगळ्या वेड्या, आणि तू मॅट्रिक झालीस म्हणून शहाणी?"

"त्यांच्या काळी सुई येत नव्हती. आता दारात येते."

"मग सुईही घ्या आणि काटाही घ्या. मी कुठं नको म्हणतो?"

मी म्हटलं, "मीही असंच म्हणायचे. नको म्हणत नाही. पण ज्योतीला म्हटलं होतं."

हे त्यांना माहीत नव्हतं. ताट सारून उठले नाहीत, सगळं जेवले. दारातून जाताना एवढंच म्हणाले, "हे बाहेर कुणाला सांगू नकोस."

नंतर विचार केला, मी काटा सोडला तर काय होईल? खालच्या गल्लीतली बेबाबाई धरील. ती कधीची टपून आहे. बाया तिच्याकडे जातील. नुसतं सोडून काही होत नाही.

२५ मार्च, मंगळवार, एकादशी

पापमोचनी एकादशी. मुद्दाम दिवस धरला नव्हता, धीर आजच झाला.

ज्योती ओसरीवर गहू निवडत होती. भूमिका तिच्या पाठीला धरून उभी राहायला शिकतेय. मी बसले. मी तोंड उघडायच्या आधी तीच म्हणाली, "अक्का, मले कळलं काहून झालं. मी साहेबाले पाच गुरुवार बोलली व्हती. चारच केले. पाचव्याले कापूस येचाले गेली."

मी म्हटलं, "नाही गं. गुरुवाराने नाही झालं. तू मला विचारलं होतंस सुई देऊ का. मी म्हटलं, ताप कशाला घालायचा. मग ताप आला तर म्हटलं, तीन दिवस थांब. वना निघाला होता, त्याला अडवलं. कानात तेल घातलं. तुझ्या हातून काही झालेलं नाही. माझ्या तोंडून झालं."

ती गहू निवडत राहिली. खडे एका बाजूला, गहू एका बाजूला.  मग म्हणाली, "मले आठवते. रोज आठवते तुम्ही काय म्हने ते. पन मी म्हनलं, अक्काचं कसं चुकीन. माहंच चुकलं असंन."

मी तिच्या पायाला हात लावायला वाकले. तिने पाय मागे घेतले. वयाने मी तिच्या आईएवढी, म्हणून घेतले की आणखी कशासाठी, कळलं नाही.

"मले सांगून काय उपेग, अक्का? माह्या पोरीचं तर झालं." तिने सूप खाली ठेवलं. "पुढल्या गुरुवारी पूजेले समद्या पोरं घेऊन येऊ राह्यल्या. तेथी सांगा. माहं नाव घेऊन सांगा."

"नाना नको म्हणतात."

"मंग नका सांगू," ज्योती म्हणाली आणि सूप पुन्हा उचललं.

३० मार्च, पाडवा

गुढी उभारली. पाटावर बसून नऊ वेळा मनात म्हणून बघितलं, काय बोलायचं ते. प्रत्येक वेळी माझी बाजू थोडी चांगली होत जाते. म्हणून कागदावर लिहिलं, चार ओळी, त्याच्या बाहेर जायचं नाही.

३ एप्रिल, गुरुवार

सकाळी पूजा झाली. आमदार आले नाहीत, त्यांचा माणूस आला. फरशी पांढरीशुभ्र, उन्हात डोळे दिपतात. दिवा मी लावला, बोलले होते म्हणून. हात जोडले तेव्हा साहेबाला म्हटलं, तुला फुलं नको होती, आम्ही दोनशे वर्षं घालत आलो, आता एवढं ऐकून घे.

भजन संपलं. काट्याला सहा बाळं होती, आया रांगेत बसलेल्या. समोरच्या अंगणवाडीत मृणाली लसीचा निळा डबा घेऊन बसली होती, तिच्याकडे एकही नाही. मी माईक मागितला. तेवढ्यात स्पीकर बंद पडला. हे म्हणाले, वायर गेली. असेल.

मी ओट्यावर उभी राहिले. काट्यांची वाटी जमिनीवर ठेवली आणि कागद काढला. वाचलं ते असं:

"हा नुसता काटा आहे, यात औषध नाही. साहेब सुई घेऊन आला होता, आणि ती सुई एका महाराच्या लेकराच्या दंडातून आली होती, त्याचं नाव आपण ठेवलं नाही. सुईवाला यायचा बंद झाला म्हणून आपल्या आज्यांनी काटा धरला. आता सुईवाली समोर बसली आहे. वनाच्या ज्योतीने मला विचारलं होतं, सुई देऊ का. मी नको म्हटलं. भूमिकाला ऐकू येत नाही, ते माझं ऐकल्यामुळे."

 नुसतं एक बाळ रडत होतं. ह्यांनी तोंड फिरवलं आणि शेडचा खांब धरला. मग बेबाबाई पुढे आली, "अक्काले ऊन लागलं वं, सावलीत न्या तिले," आणि वाटी उचलायला वाकली. दोन-तीन बाया हसल्या. रांगेतली पहिली आई बाळ सावरून पुढे सरकली, बेबाबाईकडे. मला वाटलं, संपलं. मी बोलले आणि काही झालं नाही. पाय उतरायच्या पायरीकडे वळलेही.

"अक्का."

गर्दीच्या मागून. ज्योती होती, भूमिका कडेवर. कुणी तिला वाट दिली नव्हती आणि तिने मागितलीही नव्हती, शेवटच्या बाईच्याही मागे, उन्हात उभी. सगळ्यांच्या माना वळल्या.  भूमिकाने एवढी तोंडं आपल्याकडे वळलेली बघून आईच्या मानेत डोकं लपवलं.

ज्योती माझ्याकडेच बघत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, माया नव्हती. मोठ्याने, एकेक शब्द तोडून म्हणाली, "मांगं ऐकू आलं नही, अक्का. पुन्हा सांगा."

बेबाबाई वाकली होती ती तशीच थांबली.

मी कागद घडी करून ठेवला. पदर खोचला. आणि जेवढा आवाज अंगात आहे तेवढ्या आवाजाने पहिल्यापासून पुन्हा सांगितलं.